विश्लेषण : ब्रिस्बेन लायन्सच्या सलग दुसऱ्या विजेतेपदामुळे ऑस्ट्रेलियात ‘घराणेशाही’ची चर्चा का?

ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग म्हणजे ‘एएफएल’च्या २०२५ च्या मोसमात ब्रिस्बेन लायन्सने सलग दुसऱ्यांदा विजेतेपद पटकावले. २७ सप्टेंबरला मेलबर्न क्रिकेट मैदानावर, एक लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर, त्यांनी जिलाँग संघाला ४७ गुणांनी हरवले. सामन्याचा मानकरी ठरला २१ वर्षांचा विल ॲशक्रॉफ्ट. त्याचा धाकटा भाऊ लीवाय त्याच संघात होता. वडील मार्कस हे याच क्लबकडून ३१८ सामने खेळलेले आणि २००१, २००२ व २००३ या तिन्ही विजेत्या संघांत असलेले खेळाडू. एकाच घरातले तिघे एकाच क्लबचे विजेते ठरावेत, हा योगायोग नाही. त्यामागे ‘फादर-सन’ म्हणजेच पिता-पुत्र नियम आहे. सर्व क्लबांना समान संधी मिळावी म्हणून आखलेल्या लीगमध्ये असा नियम कसा टिकला आणि विजेतेपदाचे किती श्रेय त्याचे, यावर तिथे जोरदार वाद सुरू आहे.

हा नेमका कोणता फुटबॉल?

आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो हा खेळ नव्हे आणि रग्बीही नव्हे. क्रिकेटच्या लंबवर्तुळाकार मैदानावर दोन्ही बाजूंचे १८-१८ खेळाडू लांबुळका चेंडू पायाने आणि मुठीने पुढे नेतात. दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात. मधल्या दोन खांबांतून चेंडू मारला की ६ गुण, बाजूच्या खांबांतून गेला की १ गुण. त्यामुळे धावफलक वाचायची पद्धत वेगळी आहे. अंतिम सामन्यात ब्रिस्बेनचा आकडा होता १८.१४ (१२२), म्हणजे १८ गोलांचे १०८ अधिक बाजूचे १४. जिलाँगचा ११.९ (७५).

मैदाने मात्र आपल्या परिचयाची आहेत. मेलबर्नचे ‘एमसीजी’ हे बॉक्सिंग डे कसोटीचे मैदान. ब्रिस्बेन लायन्सचे घरचे मैदान म्हणजे ‘गॅबा’. जानेवारी २०२१ मध्ये अजिंक्य रहाणेच्या नेतृत्वाखाली भारताने ऑस्ट्रेलियाचा गड पाडला आणि पालघरच्या शार्दूल ठाकूरने ६७ धावा व सात बळी अशी कामगिरी केली, तेच हे मैदान. क्रिकेटचा मोसम संपला की तिथल्या खेळपट्टीवरून फुटबॉलचे बूट धावू लागतात.

विजेतेपदाचा मोसम कसा गेला?

सरळ नाही. २३ सामन्यांत १६ विजय, ६ पराभव आणि १ बरोबरी अशा कामगिरीसह ब्रिस्बेन गुणतालिकेत तिसरे होते. ती बरोबरी झाली नॉर्थ मेलबर्नशी, म्हणजे तळातल्या १६ व्या क्रमांकावर राहिलेल्या संघाशी. या नॉर्थ मेलबर्नचे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

२०२५ मध्ये पहिल्या आठ संघांत बाद फेरी होत असे आणि पहिल्या चारांना एक पराभव माफ असे. ब्रिस्बेनने ही सवलत पहिल्याच सामन्यात खर्च केली. जिलाँगने त्यांना ३८ गुणांनी लोळवले. शिवाय दोन वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला कर्णधार लॅची नील पोटरीच्या दुखापतीने बाहेर गेला आणि त्याचा मोसम संपल्याचे क्लबनेच सांगून टाकले. त्यानंतर लायन्सने घरच्या मैदानावर शेजारच्या गोल्ड कोस्टला ५३ गुणांनी आणि एमसीजीवर कॉलिंगवूडला २९ गुणांनी हरवले. अंतिम सामन्यात समोर पुन्हा जिलाँग. मध्यंतराला गुण समसमान होते. राखीव खेळाडू म्हणून बसलेला नील उत्तरार्धात मैदानात आला आणि नंतर सामना एकतर्फी झाला. तीन आठवड्यांपूर्वी उणे ३८, आता अधिक ४७. त्याच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध ८५ गुणांचा फरक.

दरम्यान गुणतालिकेत अव्वल राहिलेला ॲडलेड संघ बाद फेरीतले दोन्ही सामने हरून घरी गेला होता.

विल ॲशक्रॉफ्टला अंतिम सामन्यातील सर्वोत्तम खेळाडूचे ‘नॉर्म स्मिथ पदक’ सलग दुसऱ्या वर्षी मिळाले. त्याच्याआधी हे फक्त अँड्र्यू मॅक्लाऊड आणि डस्टिन मार्टिन या दोघांना जमले होते. २०२३ मध्ये गुडघ्याचा अस्थिबंध तुटल्याने विल त्या वर्षीचा अंतिम सामना खेळू शकला नव्हता. तो सामना ब्रिस्बेनने कॉलिंगवूडविरुद्ध अवघ्या ४ गुणांनी गमावला. २०२४ मध्ये तो परतला आणि ब्रिस्बेनने सिडनीला ६० गुणांनी हरवले. सलग दोन विजेतेपदे ही रिचमंडच्या २०१९ व २०२० नंतरची पहिलीच.

मग वाद कशाचा?

एएफएल स्वतःला समानतेची लीग म्हणवते. युरोपातल्या फुटबॉलसारखे इथे श्रीमंत क्लबला हवा तो खेळाडू विकत घेता येत नाही. १९८० च्या दशकात इथे दोन लगाम आले. एक, प्रत्येक क्लबच्या वेतनखर्चाला मर्यादा. दोन, ड्राफ्ट. दर वर्षी देशभरातले १८ वर्षांचे होतकरू खेळाडू एका यादीत येतात आणि क्लब क्रमाने त्यांची निवड करतात. हा क्रम गुणतालिकेच्या उलटा असतो. जो शेवटचा आला, त्याला पहिली निवड आणि विजेत्याला सर्वात शेवटची. हेतू हा की, आज तळाला असलेला संघ चार-पाच वर्षांत वर यावा.

पिता-पुत्र नियम या यंत्रणेतून वाट काढून देतो. एखाद्याचे वडील एका क्लबकडून १०० किंवा अधिक सामने खेळले असतील, तर मुलाला घेण्याचा पहिला हक्क त्या क्लबचा. मग तो क्लब त्या वर्षी तळाला असो वा शिखरावर.

नियम जुना आहे, १९४९ पासूनचा. त्याच्याशी सर्वाधिक जोडले गेलेले नाव रॉन बरासी यांचे. त्यांचे वडील, तेही रॉन बरासीच, मेलबर्न क्लबच्या १९४० च्या विजेत्या संघातले खेळाडू. पुढच्याच वर्षी दुसऱ्या महायुद्धात तोब्रुक इथे ते मारले गेले. मुलगा वडिलांच्याच क्लबात यावा अशी मेलबर्नची इच्छा होती. किशोरवयात तो वडिलांच्या एका जुन्या सहकाऱ्याच्या घरी राहिला. ते सहकारी मेलबर्नचे प्रशिक्षक नॉर्म स्मिथ. विल ॲशक्रॉफ्टच्या नावावर असलेली दोन पदके त्यांच्याच नावाची आहेत. बरासी पुढे या खेळातले सर्वात मोठे नाव झाले. ही गोष्ट ऐकल्यावर पिता-पुत्र नियमाला कुणी घराणेशाही म्हणायला धजत नसे, आणि तिथल्या चाहत्यांना आजही तो नियम मनापासून आवडतो. क्लब ही नुसती कंपनी नाही, पिढ्यांचे नाते आहे, अशी त्यामागची भावना. वडिलांच्या क्रमांकाची जर्सी मुलाच्या अंगावर पाहून डोळे पुसणारे प्रेक्षक तिथे कमी नाहीत.

अडचण भावनेची नाही, हिशेबाची आहे.

हा हिशेब चालतो कसा?

आयपीएल पाहणाऱ्यांना हे पटकन समजेल. २०२५ च्या मोसमासाठीच्या महालिलावात मुंबई इंडियन्सने नमन धीरसाठी ‘राइट टू मॅच’ कार्ड वापरले आणि बोली पोहोचली त्याच किमतीला, ५ कोटी २५ लाख रुपयांना, त्याला परत घेतले. पिता-पुत्र नियम साधारण असाच आहे. दुसरा क्लब त्या मुलासाठी बोली लावतो. वडिलांच्या क्लबने ती बोली पेलली की मुलगा त्यांचा.

फरक असा की इथे किंमत पैशांत नव्हे तर गुणांत मोजतात. ड्राफ्टमधील प्रत्येक निवडीला ठरावीक गुण असतात. २०२२ च्या कोष्टकात पहिल्या निवडीला ३,०००, दुसऱ्या निवडीला २,५१७, आणि तिशीच्या मध्यावर साधारण ५००. त्या वर्षी विल ॲशक्रॉफ्टसाठी दुसऱ्या क्रमांकावर बोली लागली. ती लावली नॉर्थ मेलबर्नने, जो संघ त्या मोसमात शेवटचा आला होता. म्हणजे ब्रिस्बेनने २,५१७ गुण मोजायला हवे होते. पण नियमात २० टक्के सूट होती. म्हणून मोजायचे फक्त २,०१४.

आता गंमत पाहा. तिशीच्या मध्यावरच्या चार निवडी एकत्र केल्या की २,००० चा आकडा सहज होतो. चार साधारण खेळाडूंच्या जागा देऊन देशातला दुसऱ्या क्रमांकाचा खेळाडू मिळतो. प्रत्यक्ष मैदानावर कोणताही प्रशिक्षक असा सौदा डोळे झाकून करील, कारण चार ठीकठाक खेळाडूंनी एक ॲशक्रॉफ्ट होत नाही. कोष्टकात बेरीज जुळते, मैदानावर जुळत नाही. ब्रिस्बेनने उशिराच्या निवडी साठवून ठेवल्या आणि त्याच ड्राफ्टमध्ये १२ व्या क्रमांकावर जॅस्पा फ्लेचरलाही घेतले. त्याचे वडील एड्रियन हेही ब्रिस्बेनचे जुने खेळाडू.

ही सूट म्हणजे मुंबई इंडियन्सला नमन धीर ५ कोटी २५ लाखांऐवजी ४ कोटी २० लाखांत मिळण्यासारखे झाले. आपल्याकडे असे झाले असते तर बाकीच्या नऊ संघांनी लिलावाचा हॉल डोक्यावर घेतला असता.

दोन वर्षांनी, २०२४ मध्ये ब्रिस्बेन विजेते ठरले. त्यांना पहिल्या फेरीत सर्वात शेवटची निवड मिळायची. तरी लीवाय ॲशक्रॉफ्ट पाचव्या क्रमांकाच्या बोलीवर त्यांच्याकडे आला. ही बोली होती मेलबर्नची. गतविजेता संघ देशातल्या पहिल्या पाचांतला मुलगा घेऊन गेला, तेव्हा विरोधी क्लबांचा संयम सुटला.

नॉर्थ मेलबर्नच्या हाती काहीच लागले नाही असेही नाही. विल हुकल्यावर त्यांनी पुढच्याच क्रमांकावर हॅरी शीझेलला घेतले आणि तो पुढच्या मोसमात लीगचा सर्वोत्तम उदयोन्मुख खेळाडू ठरला. तरीही २०२५ मध्ये नॉर्थ मेलबर्नचे विजय फक्त पाच.

विजेतेपद फक्त नशिबाने मिळाले का?

तसे म्हणणे ब्रिस्बेनवर अन्यायाचे ठरेल. २०१७ मध्ये हाच संघ पाच विजयांसह शेवटचा होता. तेव्हा प्रशिक्षक म्हणून नुकतेच आले होते टास्मानियाचे ख्रिस फेगन, जे स्वतः या लीगमध्ये एकही सामना खेळलेले नव्हते. पुढच्या वर्षीही विजय पाचच. अशा वेळी बहुतेक क्लब प्रशिक्षकाला नारळ देतात. ब्रिस्बेनने दिला नाही. २०१९ मध्ये संघ दुसऱ्या क्रमांकावर पोहोचला आणि तेव्हापासून दर वर्षी बाद फेरीत आहे. विजेतेपद मिळवणारे सर्वाधिक वयाचे प्रशिक्षक हा मानही आता ६४ वर्षांच्या फेगन यांच्याकडे आहे.

संघाचा कणा बराचसा ड्राफ्टच्या सरळ वाटेनेच आला. ह्यू मॅक्लगेज २०१६ मध्ये तिसरी निवड होता, कॅम रेनर २०१७ मध्ये पहिली. दोघेही मिळाले ते ब्रिस्बेन तळाला होते म्हणून. म्हणजे समानतेचा नियम इथे चालला, आणि चांगलाच चालला. नील फ्रीमॅंटलहून आला, चार्ली कॅमरून ॲडलेडहून, जॉश डंकली वेस्टर्न बुलडॉग्जकडून. चांगले खेळाडू स्वतःहून ब्रिस्बेनला यायला तयार झाले. दहा वर्षांपूर्वी उलट होते. तिथून पळून जाण्याचीच घाई असायची.

शिवाय पिता-पुत्र नियमाचा फायदा घेणारे ब्रिस्बेन काही एकटे नाही. जिलाँगच्या २००७ च्या विजेत्या संघात गॅरी ॲब्लेट ज्युनियर आणि मॅथ्यू स्कार्लेट होते, दोघेही वडिलांच्या वाटेने आलेले. २०२३ मध्ये कॉलिंगवूडने ब्रिस्बेनलाच हरवले तेव्हा त्यांचा कर्णधार डार्सी मूर, तसेच निक आणि जॉश डायकोस ही भावंडे, सगळे पिता-पुत्र नियमातलेच. तेव्हा मेलबर्नच्या मोठ्या क्लबांच्या चाहत्यांना हा नियम परंपरेचा ठेवा वाटत होता. ब्रिस्बेनने त्याच नियमावर दोन पदके मिळवल्यावर तो अन्यायाचा झाला. उत्तरेकडचे लोक हा दुटप्पीपणा बोलून दाखवतात आणि त्यात तथ्य आहे.

आणखी एक गोष्ट त्यांच्या बाजूने आहे. अंतिम सामना जवळपास दर वर्षी मेलबर्नमध्येच होतो. करोनाकाळात २०२० मध्ये तो गॅबावर आणि २०२१ मध्ये पर्थला खेळला गेला, तेवढाच अपवाद. पुढील काही दशकांसाठीही एमसीजीशी करार झालेला आहे. २०२५ च्या बाद फेरीतील ब्रिस्बेनच्या चार सामन्यांपैकी तीन एमसीजीवर झाले. घरापासून दीड हजार किलोमीटर लांब जाऊन जिंकायचे आणि वर फायदे कसे मिळतात यावर भाषण ऐकायचे, असा ब्रिस्बेनचा सूर असतो.

ब्रिस्बेनकडे ‘वडील’ आले कुठून?

१९८७ मध्ये ब्रिस्बेन बेअर्स नावाने सुरू झालेला हा तुलनेने तरुण क्लब. १९९६ च्या मोसमानंतर मेलबर्नमधल्या आर्थिक डबघाईला आलेल्या फिट्झरॉय या जुन्या क्लबचे त्यात विलीनीकरण झाले आणि ब्रिस्बेन लायन्स जन्माला आले. फिट्झरॉयचा सिंह आला, रंग आले आणि वडीलही आले. २००१ ते २००३ च्या संघाचा आधारस्तंभ जोनाथन ब्राऊन याच नियमाने मिळाला, कारण त्याचे वडील फिट्झरॉयकडून खेळले होते. म्हणजे ब्रिस्बेनला हा लाभ नवा नाही.

आता २००१ ते २००३ च्या पिढीची मुले मोठी झाली आहेत. तीन विजेतेपदे मिळवणारा संघ एकत्र राहतो, त्यातले बरेच जण शंभर सामने पार करतात, आणि वीस वर्षांनी त्यांची मुले ड्राफ्टच्या वयात येतात. खाण तशी माती म्हणतात ते इथे नियमातच लिहिलेले आहे. एका सुवर्णकाळातून दुसरा सुवर्णकाळ उगवतो. ज्याच्याकडे भूतकाळ नाही, त्याचे काय, हा खरा प्रश्न.

नवे क्लब काय करतात?

गोल्ड कोस्टने २०११ मध्ये, तर पश्चिम सिडनीच्या ‘जायंट्स’ने २०१२ मध्ये सुरुवात केली. त्यांच्याकडे शंभर सामने खेळलेले आणि ड्राफ्टच्या वयाची मुले असलेले वडील नाहीत. गोल्ड कोस्टला पहिली बाद फेरी गाठायला १५ मोसम लागले. ती त्यांनी २०२५ मध्येच गाठली, फ्रीमॅंटलला एका गुणाने हरवले आणि पुढच्या आठवड्यात ब्रिस्बेनसमोर गारद झाले.

क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्समधल्या चार क्लबांना भरपाई म्हणून अकादमी मिळाल्या आहेत. या राज्यांत रग्बी लीगचे वेड असल्याने मुले या खेळाकडे वळावीत यासाठी क्लबांनी ती लहानपणापासून घडवायची आणि मग त्यांच्यावर पहिला हक्क सांगायचा. ब्रिस्बेनचा कर्णधार, बचावपटू हॅरिस अँड्र्यूज असाच आला. २०२३ मध्ये तर गोल्ड कोस्टने अकादमीतले चार खेळाडू पहिल्याच फेरीत घेतले. साहजिकच मेलबर्नच्या क्लबांची ओरड आता यावरही आहे. ब्रिस्बेनकडे मात्र दोन्ही आहे, वडील आणि अकादमी. एवढा दुहेरी लाभ घेणारे क्लब हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच.

एएफएलने काय बदल केले?

नियम रद्द करण्याची हिंमत कुणी दाखवलेली नाही आणि दाखवणारही नाही. लीगने किमतीला हात घातला. २०२५ च्या ड्राफ्टपासून सूट २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणली गेली. गुणांचे कोष्टकही बदलले, त्यामुळे उशिराच्या निवडी गोळा करून मोठी बोली पेलणे महाग झाले. नव्या सुटीने हिशेब केला तर जुन्या कोष्टकातही विलसाठी २,०१४ ऐवजी २,२६५ गुण पडले असते. फरक जेमतेम २५० गुणांचा, म्हणजे तिशीतल्या अर्ध्या निवडीचा. कोष्टक बदलले नसते तर नुसत्या सुटीच्या कपातीने फारसे काही साधले नसते. मुळात वडिलांच्या क्लबला सूट हवीच कशाला, याला पटणारे उत्तर नाही. पहिला हक्क हाच मोठा लाभ आहे, त्यावर आणखी कमी दर कशासाठी?

टास्मानियाचे काय होणार?

२०२८ मध्ये टास्मानिया डेव्हिल्स हा १९ वा क्लब लीगमध्ये येणार आहे. फेगन यांचे हे जन्मराज्य. या खेळाची तिथली परंपरा शंभर वर्षांहून जुनी, पण एएफएलमध्ये क्लबच्या नावावर अजून एकही सामना नाही. पहिल्या दिवसापासून एकही सामना न चुकवणारा खेळाडू, वर्षाला २३ सामने धरले, तर पाचव्या मोसमात म्हणजे २०३२ मध्ये शंभरी गाठेल. त्या सुमारास त्याला मुलगा झाला, तर तो ड्राफ्टच्या वयाचा होईल २०५० मध्ये.